चार दिवस कुठे जायचं

"समुद्र, डोंगर की तळं, तेवढं एक आज सांगून टाका," बायको म्हणाली आणि तिनं पाय पुढे केला. सातव्या महिन्यात तिला स्वतःच्या चपलेचा पट्टा दिसेनासा झाला होता, मग तिथवर हात पोचणं लांबच. भट्टीवाला खाली बसला आणि पट्टा लावू लागला. पाय सुजले होते. कालच्या भोकात पट्टा बसेना, पुढचं भोक धरावं लागलं.

"तू सांग ना," तो म्हणाला. "मला कुठंही चालेल."

"मलाही कुठंही चालेल."

"असं कसं? तुला काहीतरी आवडत असेलच की."

"तुम्हाला आवडेल ते मला आवडेल. आता काय, शेजाऱ्यांना विचारायचं?" तिनं पर्स खांद्याला लावली. "संध्याकाळपर्यंत ठरवा. तिकडे खोलीचं कळवायला हवं. आणि झोपा आता, डोळे बघा कसे झालेत."

दार लागलं. टेबलावर तीन ठिकाणांची तीन रंगीत माहितीपत्रकं पडली होती आणि भट्टीवाल्याची स्थिती तळ्यात की मळ्यात खेळणाऱ्या पोरासारखी झाली होती.

आता या घराची रीत सांगायलाच हवी, नाहीतर एवढ्याशा गोष्टीनं माणूस इतका का गांगरला ते कळायचं नाही. हा पावाच्या कारखान्यात भट्टीवर. संध्याकाळी सातला घर सोडायचा, सकाळी साडेसातला परत. ती चष्म्याच्या दुकानात. सकाळी आठला बाहेर, संध्याकाळी सहाला घरी. म्हणजे सकाळचा अर्धा तास आणि संध्याकाळचा एक तास, एवढाच काय तो संसार. तिची न्याहारी तेच त्याचं रात्रीचं जेवण. सकाळी कामावर निघताना ती त्याला "झोपा" म्हणायची आणि संध्याकाळी तो तिला. सुट्टी त्याची मंगळवारी, तिची रविवारी. मंगळवारी रात्री तो घरीच असे, पण रात्री डोळा लागण्याची सवयच मोडलेली. कूस बदलून तिची झोप मोडायला नको म्हणून स्वयंपाकघरात दिवा लावून घुबडासारखा बसून राही. वर्षातून आठवडाभर कारखाना बंद, तर तेव्हा ह्या नाहीतर त्या नातेवाइकांकडे पाहुणे म्हणून जायचं, आणि तिथं बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या. मग मूल कसं काय होतंय, हा विनोद भट्टीवरच्या मंडळींनी गेले चार महिने पुरवून पुरवून वापरला होता. तो हसण्यावारी न्यायचा. चार वर्षं अशीच गेली होती आणि खरं सांगायचं तर दोघांची तक्रार नव्हती. तक्रार करायला तरी दोघं एका वेळी जागी हवीत.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठं जायचं असेल तर महिनाअखेरीच्या आत जाऊन या. पुढे प्रवास बंद. आणि एकदा का बाळ आलं, की दोघंच दोघं असं काही उरत नाही हो." सहज बोलून गेल्या बाई. पण ते वाक्य ह्याच्या डोक्यात जे शिरलं ते निघेना. उरत नाही म्हणजे? आमचं अजून सुरूच कुठं झालंय? ह्यानं मुकादमाच्या हातापाया पडून चार दिवस मागून घेतले, सोमवार ते गुरुवार. तिनंही तेच चार मिळवले. फक्त दोघांसाठी म्हणून दोघांची रजा जन्मात पहिल्यांदा जुळली. आता तेवढी जागा ठरायची बाकी होती.

तो अंथरुणात पडला, पण झोप कसली येते. हिला समुद्र आवडतो का? आठवेना. डोंगर? तेही आठवेना. चहात साखर किती, कुठल्या औषधानं पित्त होतं, पगार कुठल्या तारखेला, सगळं तोंडपाठ. आणि एवढं साधं माहीत नाही? शेवटी अकरा वाजता त्यानं आकडसासूला, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीला, फोन लावला.

"ताई, हिला काय आवडतं हो?"

"कशातलं?"

"जायला. फिरायला."

ताई म्हणाली, "भावजी, बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे, बरं आहे. चार दिवस कुठंतरी जायचंय. तिला धक्का द्यावा म्हटलं."

"या दिवसांत धक्के देऊ नका. समुद्रावर न्या. घाटात तिला गाडी लागते. लहानपणी डोंगरावर नेलं तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा माझ्या मांडीवर ओकली होती."

चला, समुद्र. सुटलो एकदाचा म्हणून तो आडवा झाला आणि पुन्हा उठून बसला. ताई सांगत होती ती दहा वर्षांची मुलगी. ह्याची बायको तिशीची. ह्या बायकोला ओळखणारं माणूस कोण? तर जिथं ती रोज नऊ तास असते तिथलं.

दुपारी दोनच्या उन्हात तो बाहेर पडला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. दुकान त्यानं पाहिलेलं होतं, पण बंद असताना, कामावर जाता जाता. उघडं दुकान म्हणजे निराळीच जागा. आरसेच आरसे. तो काचेबाहेर थांबला. आत एक म्हातारबाबा नवा चष्मा लावून वर्तमानपत्रातलं काहीतरी मोठमोठ्यानं वाचत होते आणि समोर त्याची बायको पोटावर हात ठेवून हसत होती. अगदी मान मागे टाकून. बाबा वाचायचे थांबले, काहीतरी बोलले, तशी ती आणखीच हसली आणि तिनं वाकून त्यांच्या कानामागची दांडी नीट केली.

हे हसू त्याच्या ओळखीचं नव्हतं. घरी तिचं एक सकाळचं हसू होतं, घाईचं, आणि एक संध्याकाळचं, दमलेलं. ह्या बाईशी आपलं जमेल, असं त्याच्या मनात आलं आणि दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली.

"नवीन चष्मा की दुरुस्ती?" दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. दुकानातलीच होती.

"नाही, मी... त्या आतल्या बाई आहेत ना. त्यांचा नवरा."

मुलीनं त्याला खालून वर पाहिलं. "म्हणजे तुम्ही खरोखरचे आहात? आम्ही म्हणायचो, बाईंनी सांगण्यापुरता एक ठेवलाय."

"तिला सांगू नका मी आलो होतो ते. मला एवढंच विचारायचं होतं, तिला समुद्र आवडतो का?"

"समुद्र? छे. मागे आम्ही सगळ्या गेलो होतो तर ह्यांनी पायसुद्धा भिजवला नाही. लांब बसून राहिल्या. डोंगराचे फोटो बघतात मात्र कधीकधी. पण तुम्ही त्यांनाच का नाही विचारत?"

तो तसाच माघारी वळला. विचारलं तर ती म्हणते तुम्हाला आवडेल ते. आणि आपल्याला काय आवडतं, हे तिला कुठं माहीत आहे? आपल्याला तरी कुठं माहीत आहे? तो घरी आला तो डोक्याचा पार भुगा करून. समुद्र म्हणावा तर दुकानातली मुलगी आडवी, डोंगर म्हणावा तर ताई. तळ्याबद्दल मात्र कुणीच काही बोललं नव्हतं. म्हणून त्यानं तळं ठरवलं. माणसं याहून फुटकळ कारणांनी लग्नं ठरवतात.

एकदा ठरल्यावर मात्र तो तयारीला लागला. भट्टीवर काम करणाऱ्याला वेळेची शिस्त फार, दोन मिनिटं इकडची तिकडे झाली की पाव करपतो. त्यानं कागद घेतला, रेघा मारल्या आणि चारही दिवसांचा तास न् तास लिहून काढला. सकाळ, दुपार, होडी, विश्रांती, जेवण, सगळं. संध्याकाळी ती आली तेव्हा त्यानं कागद तिच्यापुढे ठेवला आणि परीक्षेला बसल्यासारखा समोर उभा राहिला.

ती वाचू लागली. आधी हसली. मग पुन्हा वरून वाचू लागली आणि हसू थांबलं.

"तळं आवडत नाही का तुला?" त्यानं विचारलं. "बदलू. अजून कळवलेलं नाही."

"हे काय लिहिलंय? सकाळी आठ ते तीन, तुमची झोप."

"म्हणजे, तेव्हा मला..."

"तीन ते सहा मी होडीत. एकटी?"

"तुला वारा लागेल म्हणून. आणि मी तोवर अंघोळ, दाढी..."

"सात ते एक तुम्ही तळ्याकाठी फेरी. तेव्हा मी झोपलेली." तिनं कागदावर बोट ठेवलं. "आपण दोघं एकत्र कधी आहोत? सकाळी साडेसात ते आठ. आणि संध्याकाळी सहा ते सात."

त्यानं कागद हातात घेतला. वाचला. खरंच होतं. कुणी सांगितलं नव्हतं, मुद्दाम केलं नव्हतं. हातानंच तसं लिहिलं होतं.

ती रडायला लागली. आवाज न करता, नुसतं डोळ्यांतून पाणी. तो घाबरला, पाणी आणायला धावला, पेला भरला आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

"मला कुठंच जायचं नाही," ती म्हणाली. "मला तळं नको, डोंगर नको. मला ह्या घरात राहायचंय चार दिवस. तुमच्याबरोबर. आपण इथं कधी राहिलोच नाही हो. एकदा तुम्ही राहता, एकदा मी राहते. तीन महिन्यांनी इथं तिसरं माणूस येणार, आणि मी त्याला काय सांगू, हे तुझे बाबा, ह्यांना मी रोज दीड तास ओळखते?"

खाली कारखान्याची गाडी थांबून भोंगा वाजला. सात वाजले होते. तो कागद खिशात कोंबून गेला आणि त्या रात्री भट्टीवर पहिल्यांदाच दोन तवे भरून पाव करपले. मुकादम वाट्टेल ते बोलला. ह्याच्या कानांत काहीच शिरलं नाही.

सोमवारी सकाळी दोघं घरात होती आणि काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. ती ओट्याशी गेली की तो नेमका तिथंच आडवा यायचा. दोघांनी एकाच वेळी अंघोळीला जाण्यासाठी पंचे उचलले, मग दोघांनीही "तुम्ही जा", "तू जा" केलं आणि बराच वेळ कुणीच गेलं नाही. दुपारी अडीचच्या सुमारास घरात भलतंच पिवळं ऊन येतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. रविवारी त्या वेळी ती कपडे घेऊन गच्चीवर असायची. जेवणं झाली आणि दोघांनाही पेंग आली. त्याला नेहमीची, तिला दिवसांची.

ती आतल्या खोलीत गेली, तो मागोमाग. पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूशी दोघं एकदमच जाऊन उभी राहिली.

"हीच बाजू लागते तुम्हाला?"

"हो. तुला?"

"मला पण."

त्यानं गादीवर हात फिरवला. खिडकीकडे माणसाच्या अंगाएवढा एकच खोलगट भाग पडला होता, दोघांनी आळीपाळीनं केलेला. भिंतीकडची बाजू दुकानातून आणल्यासारखी ताठ. तो भिंतीकडे सरकला. ती तिच्या जागी टेकली आणि तिनं रजई दोघांच्या अंगावर ओढून घेतली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "रागवायचं नाही."

"सांग."

"सकाळी उठले ना, की मी रजई तशीच पसरून ठेवते. आतली ऊब जाऊ नये म्हणून. तुम्ही दमून येता, अंथरूण गार लागायला नको."

त्याला आठवलं. चार वर्षं रोज सकाळी तो ऊबेत शिरत आला होता. गादीच तशी आहे, असं तो धरून चालला होता.

"आणि मी उठल्यावर घडी घालून ठेवतो," तो म्हणाला.

"हो. कोपऱ्याला कोपरा लावून. मला रात्री गार लागायचं. पण तुम्ही इतकी छान घालता, मोडताना जिवावर यायचं."

"मला वाटलं तुला नीटनेटकं आवडतं."

"आवडतं की," ती म्हणाली आणि कूस वळवून झोपली. श्वास लांबला. एक हात पोटाखाली घातलेला, तोंड जरासं उघडं. मंगळवारी रात्री दार लोटून घेताना त्यानं तिची पाठ तेवढी पाहिली होती. अशी समोरून, दिवसाउजेडी झोपलेली कधीच नाही. तो बघत राहिला. काय काय राहून गेलं, ह्याचा हिशेब त्याला लागेना.

पाच वाजता तो चहा ठेवायला उठला. सवयीनं हात रजईच्या कोपऱ्याकडे गेले. मग त्यानं आपल्या बाजूची रजई रिकाम्या, उबदार जागेवर सरळ केली, चारी बाजूंनी दाबून नीट पसरली आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेला.