पाच ब्लोअर आणि ताईचं फडकं

थंड्याला थंड्या म्हणतात ते काही उगाच नाही. एकदा तो काम करतो त्या मोटरींच्या वर्कशॉपमध्ये पॅनेलनं पेट घेतला, सगळे बोंबलत बाहेर पळाले, आणि हा पठ्ठ्या हातातलं बेअरिंग नीट पुसून, खोक्यात ठेवून, खोक्याचं झाकण लावून मग बाहेर आला. वर्कशॉप ज्यांचं, ते काका त्याला म्हणाले, "तुझ्या अंगात रक्त आहे का ग्रीस रे?" तर हा म्हणतो, "बघावं लागेल."

पण आई गेली आणि हे थंडपण जरा जास्तच झालं. रडलाच नाही ना! लोक म्हणायचे आता रडेल, मग रडेल, आणि हा आपला आलेल्यांना खुर्च्या देत फिरतोय, पाणी देतोय, कुणाची चप्पल हरवली तर ती शोधतोय. त्याचं त्यालाही कळेना. आत चाचपून बघायचा, काही दुखतंय का, तर काहीच नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं सगळंच.

ताईचं वेगळं. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. घरात तिघं होते, आता दोघंच उरले. ताई आधी रड रड रडली, आणि मग एके दिवशी रडायची थांबली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली, ती उठेचना. हाक मारली तर हूं नाही का चूं नाही. थंड्या ताट ठेवायचा, ताट उचलायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, शेजारणी येऊन सल्ले देऊन गेल्या. ताई भिंतीकडेच.

तिला उठवलं ते कार वॉशनं, खोटं नाही सांगत! म्हणजे बघा, चौकातला तो मोठा कार वॉश. गाडी पट्ट्यावरून आत सरकते, फेस, ब्रश, पाणी, आणि शेवटी पाच मोठे ब्लोअर, तीन वरून, दोन बाजूंनी, असा वारा मारतात की पाणी जीव घेऊन पळतं आणि गाडी कोरडी ठणठणीत बाहेर. तर त्या ब्लोअरच्या मोटरी म्हाताऱ्या झाल्या होत्या. एक बंदच, दुसरी खोकतेय, तिसरीचं बेअरिंग असं खडखडतंय की वाटावं आत कुणी डबे आपटतंय. गाड्या ओल्याच बाहेर यायला लागल्या, गिऱ्हाईकं कावायला लागली. म्हणून तिथल्या मालकानं बाहेरच्या तोंडाशी पुसायला बाई ठेवली. ती शेजारची मावशी. मालक म्हणाला अजून एक लागेल, आणि मावशी सरळ थंड्याच्या घरात शिरली आणि ताईला दंडाला धरून उठवलं.

"झोपायचंय ना? झोप की! पण आधी माझ्याबरोबर चार गाड्या पूस, मग मर इथे येऊन."

आणि ताई गेली! कशी गेली, देव जाणे. दुसऱ्या दिवशीही गेली. आठवड्याभरात घरी येऊन बोलायला लागली. "आज एक बाई आली, अख्ख्या गाडीत कुत्र्याचे केस, आणि मलाच म्हणते काचेवर डाग राहिला." "मावशीनं एकाचा आरसाच उपटला रे, आणि त्यालाच म्हणाली, सैल होता." थंड्या जेवत जेवत ऐकायचा. आत काही हलायचं नाही, पण ऐकायचा. पूर्वी वर्कशॉपमध्ये रेंगाळणारा हा आता सुट्टी झाली की थेट घरी.

आणि मग काकांनी काम सांगितलं.

"कार वॉशच्या पाचही मोटरी बदलायच्यात. नव्या आल्यात. तू जा."

"दुसरं कुणी?"

"का, तुला काय धाड भरलीय?"

"काही नाही."

"मग जा की!"

घरी तो बोलला नाही. सांगायचं तरी काय? मी तुझं काम बंद करायला येतोय?

गेला. मालकानं त्या सकाळी धुणं बंद ठेवलं होतं. ताई आणि मावशी बादल्या पालथ्या घालून त्यावर बसलेल्या. मावशीनं त्याला शिडी घेऊन येताना बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, हा तुझाच भाऊ ना? आपल्याच पोटावर पाय द्यायला आला की गं!"

ताई हसली. मग हसणं जरा मागेच राहिलं. "सगळ्याच बदलणार?"

"सगळ्याच."

"बरं," ताई म्हणाली.

हे 'बरं' थंड्याला ओळखीचं होतं. भिंतीकडे वळायच्या आदल्या आठवड्यात ती असंच म्हणायची. जेवतेस? बरं. झोपतेस? बरं.

तो वर चढला. नट सोडले, जुनी मोटर साखळीच्या कप्पीनं खाली घेतली, पंखा काढून नव्या मोटरवर बसवला, मोटर वर, नट घट्ट. पुढची. हात आपोआप चालत होते, ते कधीच त्याला विचारायचे नाहीत. पॅनेलमध्ये पाचही ब्लोअरना वीज देणाऱ्या मोठ्या केबलची टोकं जळाली होती, ती कापून नवी केली, परत लावली. आता यात एक गोम असते. वायरी तीन, आणि त्यातल्या दोन जरी एकमेकींच्या जागी गेल्या, तरी मोटर उलटी फिरते. म्हणून ब्लोअरच्या अंगावर लाल बाण रंगवलेला असतो, आणि मोटरला एक झटका देऊन पंखा बाणाकडे फिरतो का हे आधी बघायचं असतं. थंड्या दर वेळी बघायचा, दर वेळी! त्या दिवशी नाही बघितलं. आणि हे ब्लोअर इतके बेरकी, की उलटे फिरले तरी वारा त्याच तोंडातून बाहेर टाकतात. फक्त निम्माशिम्मा. म्हणून पटकन कळतच नाही.

चालू केलं. नुसता मऊ घूं आवाज.

"वा!" मालक खूश. "आवाजच नाही राव!"

पहिली गाडी बाहेर आली ती टपटपत. मालक तिच्याकडे बघतोय, थंड्याकडे बघतोय. "नव्या आहेत. मोकळ्या व्हायला वेळ लागत असेल, काय?"

थंड्यानं ब्लोअरच्या तोंडासमोर हात धरला. वारा कसला, गरम चहावर मारतो तशी फुंकर. मालकानं बटण बंद केलं, पंखे हळू झाले, आणि जाळीतून थंड्याला दिसलं. बाण इकडे, पंखा तिकडे. पाचही. पाना हातातच होता. पॅनेल दोन पावलांवर.

"आलं गं बाई आपलं काम!" मावशी ओरडली, आणि ताई फडकं घेऊन त्या गाडीवर अशी तुटून पडली, जशी गाडी पळूनच जाणार होती.

"लागत असेल वेळ," थंड्या म्हणाला.

"मग तोवर या दोघी आहेतच," मालक म्हणाला.

थंड्यानं पाना पिशवीत टाकला. घरी जाताना तो वाट बघत होता, की आता काहीतरी वाटेल. लबाडी करताना माणसाला म्हणे धडधडतं, घसा कोरडा पडतो. कसलं काय. सिग्नलला थांबला, सिग्नल सुटल्यावर निघाला.

मग बरेच दिवस ताईची बडबड चालू राहिली. तुझ्या मोटरी म्हणजे नुसती फुंकर रे, मावशी म्हणते आमच्या म्हाताऱ्याचं घोरणं बरं. थंड्या मान हलवायचा.

आणि एका संध्याकाळी जेवताना ताईनं विचारलं, "ब्लोअरवर तो लाल बाण असतो, तो कशाला?"

"पंखा कुठे फिरायचा, त्याला."

"मग आपले उलटे का फिरतात?"

थंड्या जेवत राहिला.

"बंद होताना बघितले मी. मावशीला दाखवलं तर म्हणाली, गप बस, बाणच चुकला असेल. बाण चुकलाय?"

"नाही. मी चुकलो."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

ताईनं हातातला घास ताटात परत ठेवला. "आणि इतके दिवस तोंडाला कुलूप?"

"हो."

"माझ्यासाठी?"

थंड्यानं खरंच विचार केला. "माहीत नाही. तू बोलत होतीस."

ताईनं ताट बाजूला सरकवलं. मग जी सुटली! "तुला माहितीये आज काय झालं? मालक फोनवर ओरडत होता, काकांनी भंगार माल गळ्यात मारला म्हणून. मोटरी परत पाठवणार आहे. काकांचं नाव जाईल रे! आणि तू असा ढिम्म? सगळ्यांच्या गाड्या ओल्या, का, तर मला पुसायला मिळाव्यात! मी काय लहान पोर आहे, खोटं खोटं खेळायला बसवायला?"

"नाही."

"उद्या नीट कर ते."

"मग तू?"

"माझं मी बघीन."

दुसऱ्या दिवशी त्यानं केलं. किती वेळ लागतो? दोन नट सोडायचे, दोन वायरी अदलाबदल, दोन नट आवळायचे. मालकाला म्हणाला, माझी चूक होती, काकांचा काही दोष नाही. मालक शिव्या द्यायला तोंड उघडतोय तोच बटण दाबलं गेलं, आणि असा वारा सुटला, असा सुटला, की मालकाची टोपी उडून ब्रशमध्ये गेली आणि शिव्या राहूनच गेल्या. गाडी बाहेर आली. ताईनं टपावरून फडकं फिरवलं आणि उलटून बघितलं. कोरडं. तिनं त्याची घडी घातली, बादलीवर ठेवली.

"लागलं तर बोलावतो हं," मालक दोघींना म्हणाला, बघत मात्र ब्लोअरकडे होता.

"बोलावणार कशाला, आता तर तुझं टक्कलसुद्धा आपोआप वाळेल," मावशी म्हणाली, आणि ताईकडे बघून हसली. ताई हसली नाही.

त्याच्या दुसऱ्या सकाळी ताई उठली नाही. भिंतीकडे तोंड. थंड्यानं ताट ठेवलं. संध्याकाळी उचललं. मावशी येऊन दंड धरून गेली, पण ओढून नेणार कुठे? तिसऱ्या सकाळी तो कामाचे कपडे घालून तयार झाला, दारापर्यंत गेला, आणि परत येऊन तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला.

"ताई."

काही नाही.

"काकांनी मला झापलं. नाव राहिलं पण त्यांचं."

तिची पाठ वर खाली होत होती, एवढंच.

"ताई, मी जाऊन परत उलटं करू?"

बाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"दोनच वायरी आहेत. मालकाला कळणारसुद्धा नाही."

"खबरदार," भिंतीकडून आवाज आला.

थंड्या हलला नाही. त्याला वाटलं अजून काही येईल. आलं नाही. खिशात काकांचा फोन वाजायला लागला, त्यानं तो वाजू दिला, मग तोही थांबला.

"आज जाता जाता करतो," तो म्हणाला. "पाना आहे पिशवीत."

"थंड्या," ताई म्हणाली, तोंड भिंतीकडेच, "मार खाशील हं."

"बरं," तो म्हणाला, आणि तिथेच बसून राहिला.