उल्रिकाचं नाव

"आजी, ही कोण म्हणायची?" भिंतीवरून तसबीर उतरवता उतरवता रगनारने विचारलं.

"उल्रिका."

"आडनाव?"

आता आडनाव कुठून आणायचं! आल्फहिल्डने कॉफीची किटली टेबलावर ठेवली. उद्या ती वृद्धाश्रमात राहायला जाणार होती आणि तिथल्या खोलीत एवढ्या मोठ्या तसबिरीला जागाच नव्हती. म्हणून तर शहरातल्या लिलावघराचा हा माणूस, रगनार, आला होता. तसबीर जाण्याला तिची ना नव्हती. फक्त ती नावानिशी जावी, एवढंच तिला हवं होतं.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी तिचा नवरा सिक्स्तेन शेजारच्या गावी, एका शेतघराच्या अंगणातल्या लिलावाला गेला होता गवताचं दाताळं घ्यायला. दाताळ्यांवर लोक तुटून पडले, पण दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या या निळ्या रेशमी झग्यातल्या बाईवर कुणी बोलीच लावेना. सिक्स्तेनचा जीव कळवळला. दाताळं राहिलं, बाई घरी आली.

"गवत काय आता हिच्या हातातल्या पंख्याने ओढायचं?" आल्फहिल्डने विचारलं होतं.

पण तसबिरीवर नाव नव्हतं. नाव नाही म्हणजे नामदिवस नाही, आणि नामदिवस नाही म्हणजे वर्षातून एकदाही कुणी हिच्यासाठी कॉफी टाकणार नाही. सिक्स्तेनला ते काही पटेना. तिकडच्या कॅलेंडरात रोजच्या तारखेला एकेक नाव असतं; तो त्या नावाच्या माणसांचा नामदिवस. त्या दिवशी उल्रिका होतं. झालं, बारसं उरकलं! तेव्हापासून दर चार जुलैला सात प्रकारची बिस्किटं व्हायची. पहिल्या वर्षी गाव हसलं, तिसऱ्या वर्षी गाव फुलं घेऊन आलं. उल्रिकाचा कप सिक्स्तेनच संपवायचा. "बाईसाहेब लाजतात," म्हणायचा. मूलबाळ नसलेल्या त्या घराला तेवढं निमित्त पुरायचं. काय दिवस होते ते!

रगनारने कागदावर लिहिलं, 'अज्ञात स्त्री.'

"अज्ञात कशी रे? एवढी वर्षं आमच्यात राहिली."

"तुम्ही ठेवलेलं नाव छापता येत नाही, आजी. घराण्यातली पूर्वज आहे असं सांगा, सही करा, मग छापतो. कोण बघायला येतंय?"

आल्फहिल्डने पेन हातात घेतलं. थोडा वेळ तसंच धरलं आणि परत दिलं.

"सिक्स्तेनच्या घराण्यात सगळे नांगर धरणारे. आमच्यात रेशीम कुणी नेसलं नाही बाबा. खोटं नाव लावून तिला कशाला पाठवू? लिही, अज्ञात."

तिचे डोळे भरून आले होते. रगनारने कागदाची घडी करून खिशात घातली आणि तसबीर बाहेर नेली. आल्फहिल्डही ओट्यावर आली. गाडीत मागे चादर अंथरलेली होती, पण तो तिथे थबकला. मग पुढच्या सीटवरची आपली बॅग त्याने मागे टाकली, तसबीर तिथे उभी केली आणि तिला पट्टा बांधला.

"निघू या, उल्रिकाबाई," तो म्हणाला.

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत आल्फहिल्ड हात हलवत राहिली.