कौतिकबाबांचं सिद्धकुलूप

असोद्याच्या मंडपात त्या सोमवारी चारशे-पाचशे माणसं जमली होती. प्रत्येकाचा फोन लाल फडक्यात घट्ट बांधून समोरच्या टोपल्यांत ठेवलेला. फोनला कोणाचा हात लागत नव्हता. तरी बाबांनीच दिलेल्या, कागदांचे फोटो कुलूपबंद ठेवायच्या ‘सिद्धकुलूप’ ॲपमध्ये भक्तानं काय ठेवलंय, ते कौतिकबाबा डोळे मिटून सांगत होते. कोणाचा सातबारा, कोणाची पत्रिका.

“माझ्या दृष्टीला टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही!”

“बाबाले बठ्ठं दिखस!” बाबांना सगळं दिसतं म्हणत धुळ्याकडचा एक जण ओरडला.

सारिका मागे सतरंजीवर बसली होती. ती धुळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. असा एखादा बाबा उघडा पाडायची ही तिची तिसरी खेप. उत्साह केव्हाच संपला होता. ती आली होती फक्त पुष्पामावशीसाठी. मावशीच्या छातीत गाठ होती, बुधवारी जळगावला ऑपरेशन ठरलं होतं. गेल्या आठवड्यात बाबांनी तिचा कुलूपबंद रिपोर्ट घडाघडा सांगितला आणि वर बजावलं, “चाकू लावायचा नाही. विरघळेल.”

“ज्याले इतकं दिसते, त्याले गाठ विरघळवता येनार नाही का व?” मावशी म्हणाली होती.

सारिका वाद घालत बसली नाही. मूळ ॲप कोणा भल्या लोकांनी बनवून त्याचा सोर्स कोड, म्हणजे ते आतून कसं बनवलंय तो मजकूर, सर्वांसाठी खुला ठेवला होता. वरवर पाहता बाबांनी फक्त नाव बदललं होतं. तिनं तो कोड उतरवला, अडचणी दूर करत त्यावरून ॲप स्वतः तयार केलं आणि दोन्ही ॲप शेजारी ठेवून पाहिली. रंग तोच, चित्र तेच. पण फोटो ठेवताच बाबांचं ॲप, कुलूप लागण्याआधीच, त्याची एक प्रत इंटरनेटवरून बाहेर पाठवत होतं. तिचं गप्प राहत होतं.

मग तिनं मावशीला समजावून खरा रिपोर्ट आपल्या ॲपमध्ये ठेवला. बाबांच्या ॲपमध्ये गेला तिनंच टाइप केलेला खोटा.

“पुष्पाबाई!” बाबांनी डोळे मिटले. “नवा रिपोर्ट... डॉक्टर तोताराम... गाठ नाही! तुझ्या देहात मला गाठ दिसतच नाही!”

मंडपात जयजयकार झाला. मावशीचा हात पदराआड गेला.

“बाबा, गाठ तर आहे. आता हाताले लागू राह्यली.”

बाबा हसले. “तो भास आहे, माय.”

“आणि डॉक्टर तोताराम?” सारिका उठली. “असा डॉक्टरच नाही. तो कागद मी लिहिला.”

मावशीचा मुलगा प्रेमराज तोवर पडद्यामागे गेला होता. शिष्य हितेंद्रच्या हातून त्यानं लॅपटॉप ओढून आणला. लॅपटॉपच्या स्क्रीनवर तोच खोटा रिपोर्ट. बाबांच्या फेट्याखाली, कानात हितेंद्रचा आवाज पोचवणारं यंत्र.

“फोन तुम्ही इथं बांधता,” सारिका थकल्या आवाजात लोकांना म्हणाली. “प्रत तुमच्या घरूनच गेलेली असते. यांना कागद दिसतो, शरीर नाही. कुलूप देणाऱ्याला एवढंच विचारा, ते आतून कसं बनवलंय ते दाखवतोस का? नाही म्हणाला, तर त्यात काही ठेवू नका. आणि दुखणं डॉक्टरला दाखवा.”

काहींनी फडकी सोडली. काही जण तरीही बाबांच्या पाया पडत होते. सारिकाला त्याचं आता नवल वाटत नव्हतं.

मावशीनं तिचा हात धरला. “बुधवारची तारीख गेली का व?”

“नाही मावशी. परवा आहे.”

“मंग प्रेमराजले म्हन, गाडी काढ. आजच भरती होते मी.”