बावीस घरांचं पाणी प्यालेला कूलर

मित्रांनो, मी कूलर आहे. जुना, पत्र्याचा, चारही पायांना गंज चढलेला. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी आपण किती राबलो ते सांगतात, आणि मग लोक कसे विसरले ते सांगून रडतात. माझ्या वाट्याला दोन्ही आलं. पण मला रडायचं नाही. मला लाज वाटते, आणि ती कशाची वाटते ते एकदाचं सांगून टाकायचं आहे.

यवतमाळात उकंडा मिस्त्री नावाचा कारागीर होता. होळी पेटायच्या आत त्यानं मला तयार केलं. पत्रा वाकवला, रिबिटा ठोकल्या, खाली टाकी केली, पोटात हा मोठा पंखा बसवला आणि तीन बाजूंनी गवत भरलेल्या ताट्या लावल्या. पहिल्यांदा मला सुरू केलं तेव्हा त्याच्या दुकानातले कागद उडून रस्त्यावर गेले. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हवा नाई बाप्पा, वादळ होय हे!" माझा गर्व तिथून सुरू झाला.

मला एका सरकारी विश्रामगृहानं घेतलं. एक नंबरची खोली मिळाली. बारा उन्हाळे मोठमोठे साहेब माझ्यासमोर पाय पसरून झोपले. "व्वा, काय गार हवा!" हे शब्द मी इतक्यांदा ऐकले, की मी हवेवर नाही, त्या 'व्वा'वर चालतो असं मला वाटायला लागलं. मित्रांनो, कूलरजवळ स्वतःचं गार असं काहीच नसतं. तो पाणी पितो आणि त्या पाण्याचा गारवा परत देतो. माझ्या टाकीत बोअरचा पाइप सोडलेला असे. पाणी कुणाला तरी आणावं लागतं, डोक्यावर, कमरेवर, रांगेत उभं राहून, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटे, खिडकीतून हवा येते तसं पाइपातून पाणी येतं.

मग त्या खोलीत एसी लागला आणि मला मागच्या व्हरांड्यात ढकललं. चार वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. पंख्याच्या पात्यांवर कबुतरांनी घर केलं. मी एकच मागत होतो, एकदा तरी मला पुन्हा सुरू करा, एकदा तरी कुणीतरी 'व्वा' म्हणा.

ते मागणं पुरं झालं. नसतं झालं तर बरं होतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी तहसील ऑफिसचा शिपाई संघदीप नव्या गवताच्या ताट्या घेऊन आला. त्याच्याबरोबर मधुसूदन साहेब होते, अव्वल कारकून. माणूस वाईट नाही. कुणावर आवाज चढवला नाही, कुणाचा रुपया खाल्ला नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती बिनबोभाट काढायची होती, एवढंच.

"हा चालतो का बघ," ते म्हणाले. "उद्या समिती येते आहे."

"चालन साहेब. न्याचा कुठं?"

"निवाऱ्यात."

या निवाऱ्याची गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी नाल्याच्या पुरानं बंजाऱ्यांचा एक तांडा वाहून नेला. बावीस घरं. त्या माणसांना लोहारा गावाच्या पलीकडे एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं, दोन महिन्यांसाठी म्हणून. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. त्यांच्यातली जमनी दहावी शिकलेली. तिनं मुंबईला विधिमंडळाकडे अर्ज पाठवला. खाली एकसष्ट सह्या आणि अंगठे. तिथं आमदारांची एक समिती लोकांचे असे अर्ज वाचते. ती समिती आता स्वतः पाहायला येणार होती. अर्जात मोठं काही नव्हतं. घरांसाठी ठरलेली जागा द्या, आणि तोवर प्यायचं पाणी रोज द्या, पत्र्याखाली माणसं भाजून निघतात.

"साहेब, तिथं टँकर तिसऱ्या दिवशी येते," संघदीप म्हणाला. "कूलरले पाणी कुठून आणाचं?"

"उद्या जादा टँकर सांगितलाय. तू वायर-बियर बघ."

"अन् समिती गेल्यावर?"

मधुसूदन साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "परत आणायचा. इथल्या रजिस्टरला आहे तो."

हे सगळं मी ऐकलं. काय होणार ते मला कळलं होतं. तरी मी नव्या ताट्यांत नवरदेवासारखा नटून बसलो.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मला टेम्पोत चढवलं. शेडमध्ये साड्यांचे पडदे लावून बावीस घरं केलेली होती. पत्रा असा तापला होता की हात लावला तर कातडी निघावी. मला मधोमध ठेवलं, पुढं पाच खुर्च्या मांडल्या. मधुसूदन साहेब बायांना म्हणाले, "बघा, तुमच्यासाठी कूलर आणलाय."

जमनीची सासू मानीबाई पुढं आली. तांड्यातली सगळ्यांत जाणती बाई. तिचे डोळे भरून आले. तिनं हात जोडले. "देव भलं करो साहेब. दोन सालानं कोणाले तरी आमची दया आली."

'परत न्यायचा आहे.' तीन शब्द होते. साहेबांनी ते बोलायला हवे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गाड्यांची वाट पाहायला सडकेवर निघून गेले. जाताना संघदीपला सांगून गेले, की माणसं यायच्या आत शेड गार झालं पाहिजे.

जादा टँकर आला नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. फोनवर कळलं, लोहाऱ्याच्या अलीकडे पंक्चर होऊन उभा आहे.

संघदीप जमनीजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, बंदच राहू द्या याले. पंप जळला म्हणून सांगतो मी."

"राहू द्या बंदच," जमनी म्हणाली. "बसू द्या त्यायले अर्धा घंटा या पत्र्याखाली. मंग माहा अर्ज वाचाची गरजच नाई पडत."

पोरगी हुशार होती. तिचं ऐकलं असतं तर आज ही गोष्ट सांगायची पाळी आली नसती. पण मानीबाई कडाडली, "काय बोलून राह्यली पोरी? इतक्या दुरून माणसं येऊन राह्यली, अन् आपण त्यायले भाजून काढाचं? आपल्या तांड्यावर दुश्मन आला तं तो बी आधी पाणी पेते, मंग भांडते."

जमनी सासूला याडी म्हणते, म्हणजे आई. ती म्हणाली, "याडी, ते पाव्हणे नाईत. पाहाले येऊन राह्यले ते."

"दारात आला तो पाव्हणा."

"आपल्याले दार कुठं हाय?"

बाया हसल्या. मानीबाई हसली नाही. ती आपल्या पडद्यामागं गेली, पाण्यानं भरलेला गुंड, म्हणजे हंडा, उचलून आणला आणि माझ्या टाकीत ओतला. तिनं ओतल्यावर मागं कोण राहणार? एकेका घरातून एकेक गुंड निघाला. म्हातारा बाबुलाल माझ्या पत्र्यावर टिचकी मारून म्हणाला, "पे बाप्पा पे. सरकारचा जवाई होय तू." सगळ्यांत शेवटी जमनी उरली, कमरेवर गुंड घेऊन. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंड फिरवून ओतला.

दोन दिवसांचं प्यायचं पाणी होतं ते.

आता माझं पाप ऐका. माझा पंप जुना. गवताची एक काडी तोंडात अडकली की तो गप्प बसायचा. विश्रामगृहात असं कितीदा झालं, साहेबलोक शिव्या देत उठायचे. त्या दिवशी एक काडी अडकू द्यायची होती मला, बस. पण चार वर्षांची भूक होती. मी असा सुरू झालो, जसा उकंडा मिस्त्रीच्या दुकानात झालो होतो. समिती दोन तास उशिरा आली. ते दोन तास मी पाणी पीत राहिलो.

समितीची माणसं घामानं निथळत आत आली. अध्यक्ष माझ्या पुढ्यात बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "व्वा! काय गार हवा आहे हो. आमच्या विश्रामगृहात सुद्धा नाही अशी."

सगळे हसले. आणि मित्रांनो, मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? झाला.

मानीबाईनं गूळ आणि पाण्याचे ग्लास फिरवले. समितीत एक बाई होत्या. त्यांनी ग्लास हातात घेऊन मायेनं विचारलं, "आजी, पाणी मिळतं ना नीट?"

पाहुण्याच्या हातात ग्लास असताना पाणी नाही म्हणणारी बाई त्या तांड्यात जन्मायची आहे. "हाव जी. प्या ना, आणखीन देऊ?" मानीबाई म्हणाली. मधुसूदन साहेबांचा पेन कागदावर सरसर चालला.

तेव्हा जमनी उठली. "साहेब, पाणी तिसऱ्या दिवशी येते. कूलरात हाय ते आमचं पेयाचं पाणी होय. अन् हा कूलर आज सकाळी आणला."

अध्यक्षांनी मधुसूदन साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी जमिनीकडे पाहिलं. मग अध्यक्ष मानीबाईला म्हणाले, "आजी, तुम्ही मोठ्या आहात. खरं काय ते तुम्ही सांगा. कूलर तुमचा आहे की नाही?"

मानीबाईचा चेहरा फुलला. "आमचाच होय साहेब. यायनंच आणून देल्ला, आमच्यासाठी. खोटं कायले बोलू?"

ती खोटं बोललीच नाही. तिला जे सांगितलं होतं तेच तिनं सांगितलं. अध्यक्ष जमनीकडे वळून हसले. "बाई, तक्रार जरूर करा. पण मिळालं त्याला मिळालं म्हणायलाही शिका."

चौदा मिनिटांत पाहणी संपली.

गाड्यांचा फुफाटा खाली बसला नव्हता, तोवर संघदीपनं मान खाली घालून माझी पिन काढली. भरल्या टाकीनं टेम्पोत चढवता येईना, म्हणून ड्रायव्हरनं खालचं बूच उपटलं. पाणी भसाभसा जमिनीवर सुटलं. बाया भांडी घेऊन धावल्या. गवताचा, गंजाचा वास मारणारं ते पिवळट पाणी त्या हातानं, वाटीनं गोळा करू लागल्या. जमनीनं आपला गुंड माझ्या भोकाखाली धरला. मघाशी भरून आणलेला गुंड.

मानीबाई ड्रायव्हरला विचारत होती, "काहून नेऊन राह्यले जी? आमच्यासाठी आणला म्हणे ना?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ओणव्या बसलेल्या सुनेकडे. मग ती मटकन खाली बसली. "मी पोरीले खोटं पाडलं वो," एवढंच म्हणाली.

पुढचं मी संघदीपकडून ऐकलं. टँकर आपल्या दिवशीच आला. तोवर मानीबाईनं पाणी तोंडाला लावलं नाही, आधी लेकराबाळांना म्हणाली. तिला ऊन लागलं. दवाखान्यात पाच दिवस होती. वाचली.

मला विश्रामगृहानं परत घेतलंच नाही, ऑफिसच्या मागं भंगारात उभं केलं. महिन्याभरानं तिथंच सासू-सून आल्या. जमनीच्या हातात पत्र होतं. निवाऱ्यात कूलर व पुरेसे पाणी असल्याचे समितीने प्रत्यक्ष पाहिले, रहिवाशांनीही दुजोरा दिला, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

मधुसूदन साहेब बाहेर आले. मानीबाई म्हणाली, "साहेब, माही जबानी लिहून घ्या. मी चुकली."

"आजी, ते आता मुंबईला गेलं. माझ्या हातात काही नाही."

"त्या दिवशी तं तुमच्या हातात पेन होता."

साहेबांचे कान लाल झाले. "होता," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

जमनी माझ्या शेजारच्या ओट्यावर बसून दुसरा अर्ज लिहू लागली. संघदीप आला. त्यानं माझ्या पाठीवरची धूळ पुसली. तिथं पांढऱ्या रंगात सरकारी नंबर आहे, पाच आकड्यांचा. "ताई, हा नंबर लिहा. या नंबरचा कूलर विश्रामगृहाचा होय. नऊ वाजता नेला, चार वाजता परत आणला. नेणारा मी. खाली माही सही घ्या."

"नोकरी जाईन ना भाऊ."

"गेली तं गेली. ते बावीस गुंड डोळ्यासमोरून जात नाई."

पहिला अंगठा मानीबाईनं लावला. शाई माझ्याच पत्र्याला पुसली आणि म्हणाली, "याले कायले दोष द्याचा? मुकं जनावर."

नाही आजी. दोष आहे. मुका होतो, पण बंद पडता येत होतं मला.

दुसरा अर्ज जाऊन चार महिने झाले. उत्तर नाही. बावीस घरं अजून त्याच पत्र्याखाली आहेत. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं सांगून गोष्ट संपवायची रीत आहे. मला जपू नका. भट्टीत घाला, माझी तीच लायकी आहे. फक्त समिती पुन्हा येईपर्यंत थांबा. इथं माझ्यावर छप्पर नाही. पावसाच्या झडीनं पाठीवरचा रंग सुटतो आहे. पाच आकड्यांतले चारच वाचता येतात. जमनीच्या कागदावर पाच आहेत. तो नंबर माझ्या पाठीवर सापडला नाही, तर ती दुसऱ्यांदा खोटी पडेल. तुमच्यापैकी कुणी या बाजूनं आलं, तर थोडा पांढरा रंग घेऊन या. शेवटचा आकडा सात आहे.