डागांवरचा रंग

भागीरथाबाईंनी पळसाचं चित्र टेबलावरच्या दिव्याखाली सरकवलं आणि अंकिता भिंग घेऊन त्यावर ओणवली. ती नागपूरच्या एका संग्रहालयात जुनी चित्रं तपासायची. मास्तर, म्हणजे बाईंचे यजमान चंद्रभान, पाहुणीसाठी समोसे आणायला गेले होते.

मास्तरांच्या बैठकीची खिडकी उघडत नाही हे देवळीत अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. दोनशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावरून छापून हातानं रंगवलेली झाडापानांची एकवीस चित्रं त्या भिंतींवर होती. उजेडानं रंग उडतो, म्हणून रस्त्याकडच्या एकुलत्या एक खिडकीला फळी ठोकलेली. अकरा वर्षं झाली. गुडघ्यांपायी बाईंचं बाहेर जाणं सुटलं होतं; कोणाची वरात चाललीय, कोण कोणाशी भांडतंय, सगळं नुसतं ऐकायचं. आग लागो त्या चित्रांना, असं त्या रोज मनात म्हणत आणि रोज त्यांच्या काचा पुसत.

"काकू," अंकिता हळूच म्हणाली, "छपाई जुनी आहे, पण रंग अलीकडचा आहे. हे तपकिरी डाग बघा, रंग त्यांच्या वरून गेलाय. आधी कागद डागाळला, मग कोणीतरी रंगवलं. सगळ्यांचं तसंच आहे."

बाईंनी फळी ठोकलेल्या खिडकीकडे पाहिलं. अकरा उन्हाळे फुकट! आत्ता उठून फळी उपटावी, इतका संताप आला. मग मास्तरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. हे ऐकून माणूस पार खचला असता.

"त्यायले सांगू नको, पोरी. चित्रं ओल धरतात, सकाळी तासभर खिडकी उघडत जा, एवढंच सांग."

मास्तर आल्यावर अंकितानं तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली, आग्रहानं समोसे खाऊ घातले आणि तिला बसस्टँडवर सोडून आले. परतल्यावर चप्पल न काढताच दारात उभे राहिले.

"तूच सांगाले लावलं तिले."

बाई समोशांची रिकामी बशी उचलू लागल्या.

"जुन्या रंगाले उजेड दाखवा, असं कोणताच जाणकार म्हणत नाई. म्हणजे रंग जुना नाई, हे तुले समजलं."

"तुमाले माहीत होतं?"

"सहा वर्षं झाले."

"मंग खिडकी काऊन नाई उघडली?"

मास्तरांनी चष्मा काढला, उगाच सदऱ्याला पुसला.

"उघडली असती, त तू विचारलं असतं, आधीचे पाच वर्षं मले कायले कोंडून ठेवलं म्हणून."