दस्तगीरचे रोजे

जुन्नरच्या बाजारपेठेत वजीरभाईंची बेकरी होती. भट्टी पेटली की पावाचा वास थेट शाळेपर्यंत जायचा आणि पोरं नाक वर करून म्हणायची, "दस्तगीर आला वाटतं!" दस्तगीर हा वजीरभाईंचा मोठा मुलगा, अकरावीतला. त्या साली तो मॅट्रिकला बसणार होता. अंगाने इतका भरलेला की तो बाकावर बसला की शेजारच्याने सावरून बसावं. चेष्टा झाली की तो स्वतःच आधी हसायचा. आपण हसलो की पोरं लवकर दमतात, हे त्याला लहानपणीच कळून चुकलं होतं.

एकोणसाठ सालच्या सव्वीस जानेवारीला मात्र त्याला हसता आलं नाही.

शाळेच्या मैदानावर मानवी मनोरे व्हायचे होते. दस्तगीर सरावाला रोज गेला होता. अगदी खालच्या थरात मधोमध त्याची जागा होती आणि त्या जागेचा त्याला मनातून अभिमान होता. आदल्या दिवशी कवायतीच्या मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं. "तुझ्या मापाची पांढरी चड्डी काही मिळाली नाही रे. तू असं कर, पोरांचे कपडे सांभाळ. जबाबदारीचं काम आहे."

झेंडावंदनाला सगळा गाव लोटला होता. मनोरे रचले गेले, टाळ्या पडल्या, आणि दस्तगीर लिंबाखाली सदऱ्यांच्या आणि चपलांच्या ढिगाजवळ मांडी घालून बसून राहिला. बायकांच्या घोळक्यात त्याची अम्मा, गुलशनबी, होती आणि तिचं बोट धरून धाकटी बहीण सितारा. संध्याकाळी जेवताना सितारा बापाला कौतुकाने सांगू लागली, "अब्बा, समद्यांचे कपडे भाईकडं व्हते! एकाचाबी सदरा हरवला न्हाई."

"शाब्बास," वजीरभाई म्हणाले. पण मुलाकडे न बघता म्हणाले.

दस्तगीरने मनाशी ठरवलं, बारीक व्हायचं. पण वेळ कुठून आणायचा? सकाळी दुकानाच्या गल्ल्यावर त्याची पाळी, मग शाळा, संध्याकाळी संपतच्या घरी अभ्यास. संपत म्हणजे नदीकाठच्या चांगदेव पाटलांचा मुलगा, वेळूच्या काठीसारखा सडसडीत. तो म्हणाला, "पळ की राव. पेठेतनं निघायचं, आमच्या मळ्यापातूर यायचं, न् माघारी."

दस्तगीर पळाला. पहिल्याच दिवशी कुत्री मागे लागली. कुकडी नदीवर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघू लागल्या. एकजण म्हणाली, "म्हस सुटली का गं कुणाची?" आणि सगळ्या खिदळल्या. तरी तो नेटाने काही दिवस पळत राहिला. पण घरी येईतो पोटात आग पडलेली असायची, समोर पत्र्यावर गरम नानकटाई मांडलेली असायची, आणि हात आपोआप तिकडे जायचा. वर संध्याकाळी बीजगणित उघडलं की डोळे मिटायचे. एकदा दुकानात कुणी नाही असं बघून तो मैद्याची पोती तोलायच्या काट्यावर उभा राहिला. आत पीठ मळत असलेला गेणभाऊ तिथूनच ओरडला, "दस्तूभाऊ, पोत्यांचा काटा हाय तो!" गेणभाऊ काही वाईट मनाचा नव्हता. काटा बिघडेल एवढंच त्याला म्हणायचं होतं. दस्तगीर उतरला आणि दोन दिवस त्याने गेणभाऊच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

अशात रमजान लागला, परीक्षेच्या तोंडावर.

आजवर दस्तगीरचे रोजे म्हणजे घरातली गंमत होती. पहिला धरायचा, शुक्रवारचे धरायचे, आणि मधल्या एखाद्या दुपारी कोठीत खारी खाताना सापडायचं. या वर्षी अम्मा म्हणाली, "परीक्षा हाय. तू न्हाई धरलास तरी अल्ला समजून घेईल."

"सगळे धरणार," दस्तगीर म्हणाला.

अम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या क्षणीच खरं सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? की मला कुणी उपाशी राहू देत नाही, जरा नाही म्हटलं की ताटात आणखी वाढतात, आणि या एका महिन्यात मात्र उपाशी राहिलं तर कुणी का म्हणून विचारणार नाही? तो उठून गल्ल्यावर जाऊन बसला.

नुसता रोजा धरून तो थांबला नाही. पहाटे, रोजा सुरू व्हायच्या आधी, सहरीला अम्मा चपात्या वाढायची. तो एखादा तुकडा मोडायचा आणि बाकीच्या सदऱ्याखाली लपवून परसात न्यायचा. तिथे लाकडांच्या ढिगामागे तुपाचा एक रिकामा डबा होता, त्यात टाकायचा. दिवसा सवड मिळाली की ते तुकडे शेळ्यांना घालायचा. संध्याकाळी मशिदीत खजूर आणि घोटभर पाणी घेऊन रोजा सोडायचा, आणि घरून आलेलं ताट पायरीवर बसणाऱ्या एका आंधळ्या फकिरापुढे सरकवायचा. भज्यांच्या वासाने जीव कासावीस व्हायचा, म्हणून तो ताट लवकरात लवकर हातावेगळं करायचा. बस्स, एवढंच कारण होतं.

लोकांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला.

मशिदीची व्यवस्था बघणारे शफीचाचा वजीरभाईंना भर पेठेत थांबवून म्हणाले, "वजीर, तुझ्या पोरानं आमाला लाजवलं बाबा. सोता खजूर खातो न् ताट फकिराला देतो. या वयात!" वजीरभाई साधे, कमी बोलणारे गृहस्थ. मुलाचं कौतुक ऐकायची त्यांना सवयच नव्हती. त्या दिवशी ते दुकानात आले आणि गिऱ्हाईक असताना, मैद्याने भरलेला हात त्यांनी दस्तगीरच्या डोक्यावर ठेवला. मग पाव घ्यायला येईल त्याला सांगू लागले, "आमचा दस्तू. मॅट्रिकला हाय. एक रोजा सोडला न्हाई." चांगदेव पाटलांना सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, बेल्ह्याच्या बाजाराला निघालेल्या व्यापाऱ्यांनाही थांबवून सांगितलं.

दस्तगीर मान खाली घालून पाव कागदात बांधत राही. लोकांना ती नम्रता वाटे. बापाचा आवाज आनंदाने चढला की त्याच्या कानशिलांना चटके बसत. तरी सदरा सैल होत होता, गळ्याखालचं हाड हाताला लागत होतं, आणि त्याचा आनंदही होत होता. त्या आनंदाची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

मधल्या दिवसांत सिताराने हट्ट धरला, "मीबी रोजे धरणार. भाईसारखे." ती जेमतेम नऊ वर्षांची. अम्मा आधी नाही म्हणाली, मग एक दिवसाआड धरायला कबूल झाली, सहरीला पोटभर जेवायच्या अटीवर. सितारा ताट घेऊन भावाच्या शेजारी बसे आणि चाटूनपुसून रिकामं करून दाखवी.

त्याच दिवसांत दस्तगीरच्या एक गोष्ट ध्यानात आली. डब्यात आपण टाकल्यापेक्षा जास्त तुकडे असतात. लहान लहान, कुरतडल्यासारखे मोडलेले. अम्माने शिळं टाकलं असेल, असं त्याने मनाला सांगितलं. अम्माला डबा ठाऊक असता तर तिने आधी त्यालाच विचारलं असतं, हेही त्याला कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी बीजगणिताचा पेपर होता. त्याने तुकडे शेळ्यांपुढे ओतले आणि विचारही तिथेच टाकला.

पेपर देऊन तो संध्याकाळी घरी आला तेव्हा दाराशी बायका जमल्या होत्या. इफ्तारचं ताट घेऊन मशिदीकडे निघालेली सितारा उंबऱ्याबाहेरच्या दगडी पायरीवर चक्कर येऊन पडली होती. हनुवटी फाटली होती. वजीरभाई तिला उचलून डॉक्टरकडे धावले होते, मागोमाग गुलशनबीही. दस्तगीर तसाच पळत तिथे गेला.

डॉक्टरांनी टाके घातले, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. "किती दिवस उपाशी आहे ही पोरगी?"

"उपाशी कशी?" गुलशनबी म्हणाली. "सहरीला माज्यासमोर जेवती."

सितारा पडल्या पडल्या पुटपुटली. टाक्यांमुळे तिला तोंड नीट उघडता येत नव्हतं. "न्हाई जेवले. भाई डब्यात टाकतो. मीबी टाकते. त्यानं जास्त पुण्य लागतं."

अम्माने दस्तगीरकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली, आणि तेवढ्यावर तिला अर्धं कळलं.

घरी आल्यावर राहिलेलं अर्धं त्याने सांगितलं. परसात, शेळ्यांजवळ उभं राहून, अम्मा-अब्बांच्या पायांकडे बघत. मी रोजे धरत नव्हतो, मी बारीक होत होतो. फकिराला ताट देत होतो ते खायचा मोह होऊ नये म्हणून. अम्मा ऐकता ऐकता लाकडांवर बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. अब्बा मारतील असं त्याला वाटलं. मारावं अशी त्याची इच्छा होती.

वजीरभाईंनी हात उचलला नाही. ते म्हणाले, "बारीक व्हायचं व्हतं तर मला सांगायचं. मी काय हसलो असतो?" मग म्हणाले, "त्याचंबी मला काय न्हाई. पण मी समद्या पेठेत सांगत फिरलो, दस्तू. तू समोर उभा राहून ऐकत व्हतास. अन् मला सांगू देत व्हतास."



दुसऱ्या दिवशी कळलं की रमजानच्या सत्ताविसाव्या पवित्र रात्री शफीचाचा मशिदीत त्याला हार घालणार आहेत. कळलं त्याच संध्याकाळी तो मशिदीत गेला. हौदाभोवती माणसं नमाजाआधी हातपाय धूत, वजू करत बसली होती. तो शफीचाचांना हळूच म्हणाला, "चाचा, मला हार नको."

"का रं?"

"मी त्या लायकीचा न्हाई."

शफीचाचा भारावले. आवाज चढवून सगळ्यांना म्हणाले, "ऐका! पोरगं हार नको म्हणतंय! याला म्हणायचं रोजा!" हौदापलीकडून कुणी 'सुभानअल्ला' म्हणालं. एक म्हातारा उठून दस्तगीरची पाठ थोपटू लागला. दस्तगीरला वाटलं, आता इथून पळावं. पण पळालो तर तीही नम्रताच ठरेल, आणि उद्या अब्बांना आणखी चारजण पेठेत थांबवतील.

"चाचा, मी जाडा हाय," तो मोठ्याने म्हणाला. आवाज चिरकला. "शाळेत मला हसत्यात. म्हणून उपाशी राहिलो. नियत रोज्याची नव्हती. ताटंबी मला नको व्हती म्हणून दिली. माजं बघून सिताराबी उपाशी राहिली न् पडली. अब्बांना यातलं काय म्हाईत नव्हतं."

पाण्याचे आवाज थांबले. पाठीवरचा हात निघाला. मागे कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. शफीचाचांनी टोपी सारखी केली. रागवावं की समजवावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी एवढंच म्हणाले, "बरं. जा, वजू कर. येळ झाली."

त्या नमाजात तो सगळ्यात मागच्या रांगेत उभा राहिला. पुढच्या रांगेत बापाची पाठ दिसत होती. ती नेहमीसारखी ताठ होती की जरा वाकली होती, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढे पेठेत काही दिवस त्याच्या नावाने कुजबुज झाली. वजीरभाईंना कुणी मुद्दाम विचारलं तर ते म्हणत, "पोरानं सोता जाऊन सांगितलं," आणि पाव मोजायला लागत. दस्तगीर मॅट्रिकला पास झाला, पण बीजगणितात जेमतेम. सुट्टी लागली तशी वजीरभाईंनी त्याला गल्ल्यावरून उठवलं आणि गेणभाऊच्या बरोबर पीठ मळायला लावलं. का ते सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात त्याचे दंड सुजले. गेणभाऊ म्हणाला, "दमानं, राव. पाठ वापर, नुसतं मनगट नको." शरीर हळूहळू उतरत गेलं, पण आता कुणी "बारीक झालास की" म्हटलं की तो विषय बदलायचा.

मशिदीतून घरी आला त्या संध्याकाळचं त्याला नेहमी आठवायचं. अम्माने जेवायचा दस्तरखान अंथरला होता. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं, पूर्वीइतकंच भरलेलं. त्यात माया होती की राग, त्याला कळलं नाही. शेजारी सितारा बसली होती, हनुवटीला पट्टी. तिच्यापुढे दुधात भिजवलेला पाव होता. ती खात नव्हती. त्याच्या हाताकडे बघत होती.

दस्तगीरने घास मोडला आणि तोंडात घातला. मग तिने आपला चमचा उचलला. तो चावायचा थांबला की तीही थांबायची. पोट आक्रसलेलं होतं, सगळं घर आपल्याकडे बघतंय असं वाटत होतं. तरी तो खाली मान घालून जेवत राहिला, तिची वाटी रिकामी होईपर्यंत.