साल पुसलेला निकेल

मी एक जुना अमेरिकन निकेल आहे, पाच सेंटांचं नाणं. माझ्या एका अंगावर रानरेडा आहे, दुसऱ्या अंगावर केसांत पिसं खोवलेला माणूस. त्याच्या खांद्यावर माझं जन्मसाल होतं, १९१३.

मित्रांनो, माझी तरुणपणची वर्षं हजारो खिशांत गेली. मग दुसऱ्या महायुद्धात एका गोऱ्या अमेरिकन शिपायाबरोबर मी आसामात आलो. धुळ्याच्या पुना शिंप्याचा मुलगा भिकन तिथं लष्करी लॉरी हाकायचा. त्यानं शिपायाच्या कोटाचं बटण शिवून दिलं आणि बदल्यात मला मागून घेतलं. त्याच्या वडिलांना नाणी जमवायचा नाद होता.

एका धुक्याच्या सकाळी लॉरी दरीत गेली. मी भिकनच्या मुठीत होतो. ती मूठ सैल होत गेली, थंड होत गेली. त्याचा गावाकडचा सोबती हिलाल यानं बोटं उघडून मला काढलं.

हिलाल सुटीवर धुळ्याला आला, पण दारात भिकनच्या आईला, मंजुळाबाईंना पाहून खरं सांगायला त्याची जीभ वळेना.

"काकू, भिकननी हाई दिन्हं. तो मांगून ई राहिना."

धातूला आवाज असतो, पण आपटल्यावरच. भिकन मागून येतोय हे खोटं आहे, ते मला सांगता आलं नाही.

पुनाभाऊंनी मला जळगावच्या एका जाणकाराला दाखवलं. साल शाबूत आहे तोवरच याला मोल, असं तो भिंगातून पाहून म्हणाला. तेव्हापासून ते मला कापसात ठेवू लागले. ते दुकानात गेले की मंजुळाबाई मला बाहेर काढायच्या आणि माझ्या अंगावरून अंगठा फिरवत बसायच्या. त्या अंगठ्याखाली मला पुन्हा ती सैल होणारी मूठ जाणवायची.

लढाई संपली. भिकन आला नाही, लष्कराचा कागदही घरी पोचला नाही. एके दिवशी पुनाभाऊंनी कापूस उलगडला आणि ते ओरडले, "सालच पुसाई गयं! भिकन उना म्हनजे त्याले काय दाखाडू?"

"तो येवाव नही," मंजुळाबाई म्हणाल्या. "हिलालनी हाई दिन्हं, तवय मन्हा तोंडाकडे देखं नही. मले तवयच समजनं."

"मंग मले का सांगं नही?"

"तुम्ही वाट देखी राहिंतात."

पुनाभाऊ तसेच उठून हिलालच्या घरी गेले. मी त्यांच्या हातात होतो. त्यांना पाहताच हिलाल उठून उभा राहिला.

"तू खोटं बोलना, ते जाऊ दे," पुनाभाऊ म्हणाले. "पोऱ्याले कोठे ठेवं, तेवढं सांग."

हिलाल रडत सांगत राहिला. रस्त्याच्या कडेला, उतारावर, त्यानं स्वतः दगड रचले होते. पुनाभाऊंनी सगळं ऐकलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी येऊन ते मंजुळाबाईंना शब्दन् शब्द सांगितलं. त्या घरात भिकनसाठी मोकळेपणानं रडणं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

मित्रांनो, तुम्हीही नाणी जमवत असाल. जमवा, नीट जपा. पण एखादं गुळगुळीत नाणं कुणी तुमच्या हातावर ठेवलं, तर लगेच त्याचं मोल विचारू नका. देणाऱ्याजवळ थोडा वेळ बसा. त्याला काही सांगायचं राहिलं असेल.